आठ मिनिटांच्या विमानाचा वजनकाटा

आमच्या इनिश मान बेटापासून समोरच्या किनाऱ्यावरचा इनव्हेरिनचा विमानतळ सतरा किलोमीटरवर आहे. विमानाला आठ मिनिटे लागतात. वारा समोरून असेल तर नऊ. उन्हाळ्यात येणारा प्रत्येक पाहुणा डीलियाला हेच विचारायचा आणि ती चिठ्ठीवरून मान वर न करता हेच सांगायची, "सतरा किलोमीटर, आठ मिनिटं. नाही, विमानात चहा मिळत नाही. कप तोंडाला लावाल तेवढ्यात उतरायची वेळ."

धावपट्टीच्या कडेची खोली डीलियाने सव्वीस वर्षे सांभाळली. खोलीत एक टेबल, दोन बाक, फोन, केटली आणि वजनकाटा. विमानात फक्त आठ उतारू बसतात. एवढ्याशा विमानात कोण कुठे बसणार हे वजनावर ठरते, म्हणून प्रत्येकाला सामान घेऊन काट्यावर उभे राहावे लागते. डीलिया आकडा चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी वैमानिकाला द्यायची. विमान उडाले की ती इनव्हेरिनला फोन करायची, आणि तिकडून "उतरलं" असा उलटा फोन येईपर्यंत बसायची नाही. टेबल पुसायची, बाक सरळ करायची, केटलीचे झाकण काढून परत लावायची. दिवसातून चार-सहा वेळा, सव्वीस वर्षे. मी तिला एकदा म्हटले, "अगं, आठ मिनिटांत काय होणार आहे?" ती म्हणाली, "बाई, काही व्हायला आठ मिनिटं लागतच नाहीत."

बेटावर सगळे मला बाईच म्हणतात. बाविसाव्या वर्षी मी इथल्या शाळेत शिकवायला आले आणि इथलीच होऊन राहिले. डीलिया माझ्या पहिल्या वर्गात होती. तिचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ बार्टलीही.

डीलियाच्या आधी ती खोली जॉनीकडे होती. जॉनी मनाने वाईट नव्हता, पण त्याला प्रेक्षक लागत. तो जत्रेत बैल विकायला उभा असल्यासारखा आकडे ओरडून सांगे. नोरीन नावाची मुलगी लग्नाच्या आधल्या आठवड्यात कपडे घ्यायला निघाली होती. जॉनी ओरडला, "ब्याण्णव! नवरदेवाला सांगा, पलंगाचे पाय बदलून घे!" सगळे हसले, नोरीनही हसली. त्यानंतर सात वर्षे ती विमानात बसली नाही. दोन्ही बाळंतपणांना, हिवाळ्याच्या समुद्रात, ती पाऊण तासाच्या बोटीने ओकत ओकत गेली.

डीलियाला काम मिळाले तेव्हा तिने आधी काटा फिरवला. तबकडी भिंतीकडे गेली, टेबलामागे उभे असलेल्यालाच दिसेल अशी. मग रविवारी चर्चच्या दारात तिने सांगितले, "काटा जे बोलेल ते मला आणि वैमानिकाला. तिसऱ्या कानाला नाही. आईच्या थडग्याची शपथ."

तिने ती पाळली. कोणाला दिवस गेले आहेत हे सासूच्या आधी डीलियाला कळे, कोणाची दारू वाढली हेही. पाद्रीबाबांकडे आमची पापे होती आणि डीलियाकडे वजने. पाद्रीबाबा दोन पेले झाल्यावर कधी कधी सूचक हसत. डीलिया कधीच हसली नाही. नोरीन परत विमानाने जाऊ लागली.

बार्टली दर गुरुवारी पहिल्या विमानाने जायचा. तिकडे होड्या दुरुस्त करण्याचे काम होते, शनिवारी परत यायचा. लग्न केले नाही, धक्क्याजवळच्या आई-वडिलांच्या घरात एकटा राहायचा. बहीण-भावात प्रेम होते, पण ते एकमेकांना टोमणे मारण्याच्या रूपाने बाहेर पडे.

२०११ च्या जानेवारीपासून काय झाले ते डीलियाने मला नंतर सांगितले. तारखा मी माझ्या वहीशी ताडून पाहिल्या आहेत.

१३ जानेवारीच्या गुरुवारी काट्याने बार्टलीचे शहाऐंशी किलो दाखवले. पुढच्या गुरुवारी पंच्याऐंशी. मग त्र्याऐंशी, एक्क्याऐंशी, ऐंशी. १७ फेब्रुवारीला अठ्ठ्याहत्तर. त्या दिवशी डीलियाने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. बार्टलीने ते ओळखले.

"काय बघतेस? नाक वाकडं झालंय का?"

"वाळलायस."

"दाढी केलीये."

"बार्टली, दाढीचं वजन आठ किलो नसतं," असे तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण बाकावर चार माणसे बसली होती. तिने चिठ्ठी लिहिली.

तो परत आला त्या शनिवारी संध्याकाळी ती धक्क्यावर त्याच्या घरी मटणाचे कालवण घेऊन गेली. त्याने झाकण उघडले, वास घेतला आणि ठेवून दिले. "नंतर खातो." भांडे सोमवारी तसेच परत आले, फक्त मांजराने वरचा चरबीचा थर खाल्लेला.

"डॉक्टरकडे जा."

"कशाला?"

"जा म्हणून."

"तुला कोणी सांगितलं मला काही झालंय? तुझ्या काट्यानं? मग काट्यालाच पाठव डॉक्टरकडे. आणि शपथ घेतलीयेस, विसरू नकोस."

यातले दुखणे मला ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांनी पोटातले दुखणे आठ महिने जाकिटाखाली लपवले होते. कळले तेव्हा समुद्र खवळलेला होता, त्यांना पलीकडे नेता आले नाही, आणि नंतर समुद्र शांत होऊन उपयोग नव्हता. घरातल्या पुरुषांना दुखत नसते असा त्या घराचा धर्म होता.

पुढच्या गुरुवारी, २४ फेब्रुवारीला, बार्टली काट्यावर उभा राहिला. शहाऐंशी.

डीलियाला क्षणभर हलके वाटले. मग त्याच्या पुढच्या गुरुवारी शहाऐंशी. त्याच्याही पुढच्या गुरुवारी शहाऐंशी. सव्वीस वर्षे माणसे तोलणाऱ्या बाईला हे पुरेसे होते. माणूस कधी इतका नेमका नसतो. ओला कोट असतो, न्याहारी जास्त झालेली असते, खिशात सफरचंद असते. नेमके फक्त निर्जीव वजन असते. शिवाय तो बाकावर बसताना हळूच बसायचा, आणि बसला की स्वेटरच्या आत काहीतरी टकटक वाजायचे.

तिने पुढच्या आठवड्यात त्याच्या शेडमध्ये डोकावले. खिळ्यावर टांगलेली जाळ्याची दोरी तिथे नव्हती. जाळे तळाला बसावे म्हणून जिच्यात शिशाच्या गोळ्या ओवतात ती दोरी. बार्टलीने ती कमरेला गुंडाळली होती. तो माणूस काट्याला फसवायला शिसे नेसून येत होता, आणि मासळी तोलायच्या घरच्या काट्यावर पाहून, दर आठवड्याला जेवढा आत झिजत होता तेवढी दोरीची भर घालत होता.

आता डीलियाने काय करावे? आकडा बोलायचा नाही. वैमानिकाला दिलेला आकडा खोटा ठरला तर विमानाचा प्रश्न. तिने रात्री पडल्या पडल्या हिशेब केला की दोरीही त्याच्याबरोबर विमानात चढते, म्हणजे आकडा खराच आहे आणि विमानाला धोका नाही, आणि स्वतःला गप्प केले. पण तिचे पाय गप्प बसेनात. ती दोनदा नर्स फिडेल्माच्या दारापर्यंत गेली. एकदा पायाच्या कुरुपाबद्दल विचारून आली, एकदा फिडेल्माच्या कोंबड्यांबद्दल. मला चर्चनंतर म्हणाली, "बाई, एखादी गोष्ट नुसती माहीत असणं हे पाप असतं का?" मला वाटले ती कोणाच्या तरी गरोदरपणाबद्दल बोलते आहे. मी म्हटले, "माहिती लपवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे." कॉन्व्हेंटमध्ये असेच शिकवले होते. तिने मान हलवली आणि निघून गेली. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

असे शहाऐंशीचे सात गुरुवार गेले.

१४ एप्रिलला मला पलीकडच्या गॉलवे शहरात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी जायचे होते. चौदा महिने थांबल्यावर तारीख मिळाली होती, साडेदहाची. पत्र उशिरा आले म्हणून विमानातली शेवटची जागा माझी. माझ्याशिवाय एका लग्नाला निघालेले नवरीच्या मावशीचे चौघांचे कुटुंब, नर्स फिडेल्मा, बार्टली, आणि धुलाई यंत्राची मोटर मांडीवर घेऊन बसलेला टोमाश. टोमाश ज्या खोलीत असतो त्या खोलीत तोच बोलतो.

सकाळी वारा अजिबात नव्हता. ऐकणाऱ्याला हे चांगले वाटेल, पण आमची धावपट्टी तोकडी आहे. समोरून वारा नसेल तर विमानाला उचल मिळत नाही आणि भार कमी न्यावा लागतो. पश्चिमेला धुके समुद्रावर बसले होते आणि सावकाश आमच्याकडे सरकत होते.

वैमानिक डोनल चिठ्ठी वाचून आत आला. "बेचाळीस किलो जास्त आहेत."

"मोटर काढा," फिडेल्मा म्हणाली.

"माझी मोटर? बायको मलाच धुवायला बसवेल!" टोमाश म्हणाला, पण मोटर खाली ठेवली. लग्नाच्या भेटवस्तूंची खोकी निघाली. माझी बॅग निघाली. फिडेल्माची औषधांची पेटीही.

डोनलने परत बेरीज केली. "अजून सात किलो."

"सात किलोसाठी काय?" टोमाश म्हणाला, "नवरीच्या मावशीला सांगा, बूट काढा."

"टोमाश, तू जीभ काढून ठेव, सात किलो सहज भरतील," मावशी म्हणाली.

डोनल हसला नाही. तो धुक्याकडे बघत होता. "एका माणसाला उतरावं लागेल. दहा मिनिटांत निघालो नाही तर कोणीच जाणार नाही. दुपारचं विमान होईल असं मला वाटत नाही."

आमच्याकडे रीत अशी की ज्याने जागा शेवटी सांगितली तो मागे राहतो. मी उठले. खरे सांगायचे तर मनाविरुद्ध. डाव्या डोळ्याने मला तेव्हा नुसता उजेड दिसत होता आणि उजवाही त्याच वाटेने चालला होता.

"बसा, बाई." बार्टली उठला होता. "मी राहतो. होड्या कुठे पळत नाहीत."

"देव तुझं भलं करो," मी म्हटले. मी बसलेसुद्धा. मला फक्त माझा डोळा दिसत होता.

बार्टली दाराकडे निघाला. टेबलाला वळसा घालताना त्याने कडेला हात टेकला आणि तसाच उभा राहिला. कपाळावर घाम होता. डीलिया टेबलामागून बघत होती. तिने नंतर सांगितले की त्या वेळी तिच्या डोक्यात फक्त एवढेच होते, हा आता घरी जाईल. सगळे म्हणतील काय सभ्य माणूस. पुढच्या गुरुवारी परत शहाऐंशी भरेल, आणि एका गुरुवारी येणारच नाही. आणि बेटावरची एकमेव नर्स आत्ता या विमानात बसणार आहे, तिची गाडी पलीकडे उभी आहे.

"कोणी राहणार नाही," डीलिया म्हणाली. "बार्टली, ती दोरी सोड."

"कसली दोरी?"

"कमरेची."

खोलीत टोमाशही बोलेना.

"डीलिया," बार्टली अगदी हळू म्हणाला, "लोक आहेत."

"असू देत."

"तू शपथ घेतलीयेस."

"आईच्या थडग्याची. आईशी माझं मी बघून घेईन. आठ गुरुवार मी शहाऐंशी लिहितेय. तू शहाऐंशी नाहीस. तू अठ्ठ्याहत्तर होतास तेव्हाच मी ओरडायला हवं होतं." तिचा आवाज चढला. सव्वीस वर्षांत त्या खोलीत एका माणसाचा आकडा मोठ्याने बोलला गेला नव्हता. "सोड, नाहीतर मी येऊन सोडते. लहानपणी तुझी चड्डी मीच बांधायचे, मला लाज नाही."

मला वाटले तो निघून जाईल. तो एकदा दाराकडे वळलाही. पण दारात डोनल उभा होता, आणि डोनलने हात जोडल्यासारखा चेहरा करून म्हटले, "माझी पाच मिनिटं उरली आहेत, काका."

बार्टलीने स्वेटर वर केला. दोरीला गाठ होती, ती त्याच्या बोटांना सुटेना. फिडेल्मा उठली आणि तिने सोडली. मग तो स्वतःच वेढे उलगडू लागला. एक, दोन, तीन. शिशाच्या गोळ्या फरशीवर टकटक पडत होत्या. चौथ्या वेढ्याला टोमाश सवयीने म्हणाला, "अरे वा, स्वतःच्याच जाळ्यात," आणि तिथेच थांबला, कारण शेवटचा वेढा निघाला आणि आत बार्टलीचे जे उरले होते ते आम्ही पाहिले. पँट त्याने एका हाताने धरून ठेवली होती. नाहीतर ती राहिली नसती.

"परत चढ," डीलिया म्हणाली.

तो चढला. तिने आकडा पाहिला, लिहिला, आणि या वेळी बोलली नाही. पण दोरी अकरा किलोची होती हे नंतर टोमाशने तोलून सगळ्यांना सांगितले, तेव्हा आकडा सगळ्यांना कळलाच.

डोनलने चिठ्ठी घेतली. "चला सगळे."

फिडेल्माने बार्टलीला म्हटले, "माझ्या शेजारी बसा. मला एकटीला भीती वाटते." फिडेल्मा आठवड्यातून दोनदा त्या विमानाने जाते.

धुके धावपट्टीच्या टोकाला पोचले होते तेव्हा आम्ही उडालो. लग्नाला निघालेली मावशी जपमाळ ओढत होती. बार्टली खिडकीतून खाली बघत होता, जिथे धुक्याशिवाय काही नव्हते. मागे त्या खोलीत डीलियाने फोन केला आणि मग टेबल पुसले, बाक सरळ केले, दोरी गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. इनव्हेरिनहून "उतरलं" असा फोन आला तेव्हा तिने विचारले, "तो गाडीत बसला का?" तिकडची मुलगी म्हणाली, "कोण?" डीलियाने फोन ठेवून दिला. त्या दिवशी ती तशीच उभी राहिली.

इनव्हेरिनला फिडेल्मा बार्टलीला म्हणाली, "बाईंना गॉलवेला सोडायचंय. तुम्हीही चला."

"मला कामावर जायचंय."

"काम पळत नाही. तुम्ही पळताय."

तो खांद्याला पिशवी लावून उभाच. तेव्हा मी म्हटले, "बार्टली, मला पायरी दिसत नाही, हात दे." पायरी मला थोडी दिसत होती. त्याने हात दिला. तो हात मी गाडीत बसेपर्यंत सोडला नाही, आणि मी बसले तेव्हा तोही बसला.

माझ्या डोळ्याचे काम त्याच दिवशी झाले. बार्टलीच्या पोटात गाठ निघाली. २७ एप्रिलला त्याची शस्त्रक्रिया झाली. सर्जनने फिडेल्माला सांगितले की आणखी दोन महिने गेले असते तर पोट उघडून तसेच शिवून टाकावे लागले असते. आता आशा आहे. पण दोन वर्षे तरी कोणी कसला शब्द देऊ नये.

बेटावर मात्र वेगळीच गोष्ट पसरली. बार्टलीची नव्हे, डीलियाची. तिने आकडा बोलून दाखवला. भावाचा का असेना, बोलून दाखवला. तीन घरांनी बोटीने जायला सुरुवात केली. आणि एके दिवशी नोरीन खोलीत आली, टेबलासमोर उभी राहिली, काट्यावर चढली नाही.

"तू बरोबर केलंस, मला कळतं," ती म्हणाली. "पण मला वाटायचं, या खोलीत कधीच कोणी काही बोलणार नाही. आता मला तसं वाटत नाही."

नोरीन धक्क्याकडे गेली, बोटीला अजून वेळ होता. डीलिया खिडकीतून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाई, ती चूक नाही. हेच तर वाईट आहे."

१ मे रविवार होता. खोलीवर दुसरा माणूस असतो म्हणून डीलिया गॉलवेच्या इस्पितळात गेली. बार्टली भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "टोमाशसमोर."

"हो."

"घरी येऊन सांगायचं होतंस."

"आले होते. कालवण मांजराने खाल्लं."

तिने उशी नीट केली, पाण्याचा पेला इकडून तिकडे ठेवला, खिडकी उघडली, बंद केली.

"बस की एका जागी," तो म्हणाला. "डोकं फिरतं."

ती बसली.

"मी तुला माफ केलेलं नाही."

"बरं."

"बटाट्याचं बी शेडमध्ये मोड येऊन पडलंय. एप्रिलात लावायचं असतं. आता मे लागला."

"मी लावते."

"खताला शेवाळ घालावं लागेल आधी. किनाऱ्यावरचं लांबट घे, बारीक नको. तुला नेहमी बारीकच सापडतं."

"लांबट घेते."

"वाफे सरळ काढ. रस्त्यावरून दिसतात."

ती संध्याकाळच्या विमानाने परत आली. दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी मी तिला किनाऱ्यावर पाहिले. पाठीवर ओल्या शेवाळाची टोपली होती आणि ती बार्टलीच्या जमिनीच्या तुकड्याकडे चढून चालली होती. शेवाळ ओतून परत खाली, परत वर. मी कुंपणापाशी जाऊन म्हटले, "डीलिया, चहा घे, दम खा."

"नको, बाई. दोन वाफे झालेत, चार राहिलेत," ती म्हणाली आणि टोपली उचलून पाण्याकडे उतरली.